थिओडोर कुक: वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमलेला प्रिन्सिपॉल?

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजविषयी एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा आशय असा: आशियातील हे पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय थिओडोर कुक नावाच्या एका ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने स्थापन केले, इंजिनिअरिंगचा गंध नसताना गोरेपणाच्या बळावर त्याला प्रिन्सिपॉलपद मिळाले, सरकारी पगारावर तो सह्याद्री एकट्याने पालथा घालून फुले गोळा करीत राहिला आणि पुण्यातच त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, जाता जाता विश्वेश्वरय्या नावाचा हिरा ओळखून त्याने खडकवासला धरणाचे स्वयंचलित दरवाजे करवून घेतले. एकाच मजकुरात माणसाला नालायकही ठरवायचे आणि युगपुरुषही, ही कसरत विलक्षण आहे.

स्थापनेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. सार्वजनिक बांधकामांवर लागणारा दुय्यम कर्मचारीवर्ग तयार करण्यासाठी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग जुलै १८५४ मध्ये, भवानी पेठेतील तीन लहान घरांत सुरू झाला. कुक यांचा जन्म १८३६ चा, आयर्लंडमधील ट्रामोर या गावचा. म्हणजे पेठेत वर्ग भरू लागला तेव्हा ते जेमतेम अठराचे होते आणि त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्यांच्याकडे सूत्रे आली ती १८६५ मध्ये. ‘आशियातील पहिले’ हेही टिकत नाही, कारण रुडकीचे कॉलेज १८४७ चे, आणि मद्रासजवळच्या गिंडीच्या संस्थेचे मूळ तर १७९४ च्या सर्वेक्षण शाळेत आहे.

‘इंजिनिअरिंगचा गंध नव्हता’ हे विधान मात्र सर्वांत चुकीचे आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८५९ मध्ये पदवीधर झालेल्या कुक यांनी अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथेच घेतले होते, आणि १८६० मध्ये ते हिंदुस्थानात आले ते बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे इंजिनिअर म्हणून. वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाचे काम त्यांच्या हातून झाले. हे काम किरकोळ नव्हते. खाडीत भरती-ओहोटीचे पाणी, तळाशी खोल चिखल, पाया घालायला खडक हाताशी नाही. या रेल्वेने अशा ठिकाणी वापरलेली रीत अशी, की टोकाला रुंद, मळसूत्री पाते असलेले ओतीव लोखंडाचे खांब फिरवत फिरवत चिखलात घट्ट जागी बसेपर्यंत उतरवायचे, एकावर एक तुकडे जोडत ते वर आणायचे आणि त्यांच्या डोक्यावर त्रिकोणी सांगाड्याचे तुळयांचे गाळे बसवायचे. १८६४ च्या अखेरीस अहमदाबादेहून निघालेली गाडी ग्रँट रोडपर्यंत पोहोचू लागली, ती हीच खाडी ओलांडून. पुढच्याच वर्षी हा माणूस पुण्यात शिकवू लागला. गोऱ्या माणसाला नेमणुका सहज मिळत, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण कुक हे त्याचे उदाहरण म्हणून फार वाईट निवडले गेले आहे.

मग वनस्पतिशास्त्र आले कोठून? कुक १८९३ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, प्रिन्सिपॉल होते आणि त्या काळात संस्थेचे रूपच बदलले. १८६६ मध्ये ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, १८७९ मध्ये तेथे शेतकीचा वर्ग निघाला, आणि पुढे तिचे नावच ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून याच आवारात प्राध्यापक नायगमवाला यांच्या हाताखाली वेधशाळाही उभी राहिली. शेतकी शिकवायची तर वनस्पती ओळखाव्याच लागतात. १८९१ पासून पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पती सर्वेक्षणाची जबाबदारीही कुक यांच्याकडे आली. तेव्हा फुले गोळा करणे ही पगार खाऊन केलेली चैन नव्हती, तो कामाचाच भाग झाला होता.

ग्रंथ पुण्यात लिहिल्याची गोष्ट तर सनावळीतच कोसळते. निवृत्तीनंतर कुक इंग्लंडला परतले, पुढे लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती-उद्यानात काम करू लागले, आणि सिंधपासून कानड्यापर्यंतच्या इलाख्याची ती वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने छापली गेली. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, क्यू येथेच त्यांचे निधन झाले.

विश्वेश्वरय्या बंगळूरहून बी.ए. होऊन, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात आले आणि १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिले आले. तेव्हा प्रिन्सिपॉल कुक होते, एवढे खरे. शिष्यवृत्ती म्हैसूरची होती, परीक्षा विद्यापीठाची होती, आणि खडकवासल्याचे दरवाजे बसले ते १९०३ मध्ये, म्हणजे कुक पुणे सोडून गेल्यावर दहा वर्षांनी.

‘एकट्याने सह्याद्री पालथा घातला’ या वाक्याला उत्तर खुद्द त्या ग्रंथाच्या पानांवर आहे. प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनाखाली ती कोकणात, देशावर, गुजरातेत कोठे सापडली ते दिले आहे आणि गावापुढे नमुना आणणाऱ्याचे नाव आहे. त्यांत वुड्रो आहेत, तसेच कानिटकर आहेत आणि नुसता ‘भिवा’ही आहे, आडनावाशिवाय. नावापुढे जे उद्गारचिन्ह दिसते ते आश्चर्याचे नाही. नमुना लेखकाने स्वतः पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. लंडनजवळच्या टेबलावर बसलेल्या निवृत्त इंजिनिअरने भिवाने आणलेली वाळलेली फांदी उलटसुलट करून पाहिली, आणि मग त्याच्या नावापुढे ती खूण केली.