समोर बसलेल्या माणसाला आधी वाढा!

नागपूरच्या धंतोलीत ऑफिसजवळ जेवायला जाणारा प्रत्येक जण हे रोज सोसतो, पण गल्ल्यावर जाऊन कोणी बोलत नाही. म्हणून मी बोलतो. पैसे देऊन खुर्चीवर बसलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं आणि मोबाईलवरून आलेल्या ऑर्डरी आधी काढायच्या, हा त्या माणसाचा अपमान आहे. आणि तो रोज दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊन राहिला आहे.

सव्वा वाजता कुठल्याही थाळीवाल्याकडे जाऊन बसा. आधी पैसे द्या, टोकन घ्या, मग जागा शोधा. गल्ल्यावर टॅब ठेवलेला असतो. तो वाजला की आत हाळी जाते, "पार्सल दोन थाळी!" आणि तव्यावरून उतरून आपल्या टेबलाकडे निघालेली पोळी वळते आणि फॉइलमध्ये जाते. आपल्या डोळ्यांसमोर! ताटात वांगं-आलूची भाजी असते, डाळभाजी असते, ठेचा असतो, कांद्याच्या दोन फोडी आणि लिंबू असतं. पोळी मात्र एकच. ती संपली की हात वाळेपर्यंत बसायचं. पोऱ्याला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "दोन मिनिटं भाऊ, येऊनच राहिली." त्या पोऱ्याचा काही दोष नाही, त्याच्या हातात पोळी कोणी दिली तर तो आणेल ना!

जेवणाला एक लय असते हो. पोळी गरम येत राहिली तर भाजी पुरते, वरण-भातापर्यंत पोट नीट पोहोचतं. इथं एका पोळीनंतर दहा मिनिटं काहीच येत नाही, तोवर डाळभाजी थिजते, आणि मग उठायची वेळ झाली की दोन पोळ्या, भात, वरण सगळं एकदम समोर आदळतं. शिजवलेलं अन्न गरम वाढायचं असेल तर ते किमान 60 अंशांवर ठेवावं असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आमच्यापर्यंत पोहोचणाऱ्या वरणात बोट बुडवून बसता येतं. भात टाकून उठावं लागतं. ज्या घरात ताटात शीतही ठेवू देत नव्हते तिथं वाढलेल्या माणसाला भरलेला भात टाकून उठताना काय वाटतं, ते या मालकांना कळतच नसेल का?

बरं, वेळ तरी किती असते आमच्याजवळ? 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात सलग कामाच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यायला सांगितली आहे. किमान म्हटलं की तेवढीच मिळते. सरकारी ऑफिसांसाठी शासनानं 2019 मध्ये ठरवून दिलं, दुपारी 1 ते 2 च्या मध्ये जास्तीत जास्त अर्धा तास. म्हणजे सरकारी असो की खाजगी, अर्ध्या शहराचा जेवणाचा अर्धा तास याच वेळेत येतो. जिना उतरणं, रस्ता ओलांडणं, टोकनची रांग, हात धुणं, परत जाणं हे वजा केलं तर जेवायला पंधरा-वीस मिनिटं उरतात. त्यातली दहा कोणी खाल्ली तर त्यानं माझं जेवणच खाल्लं.

मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, "काय करू भाऊ, पार्सलला उशीर झाला तर रेटिंग पडते, मग ॲपवर आपलं नाव खाली जाते." मान्य, रेटिंग पडत असेल. पण ते ॲपवाले प्रत्येक बिलातून कमिशन कापतात आणि बाकीचे पैसे आठवड्याच्या हिशेबानं खात्यात टाकतात. मी आधी पैसे देतो, पूर्ण देतो, त्यातला एक रुपया कोणी कापत नाही. तरी रांगेत मीच मागे! कारण त्याला पक्कं ठाऊक आहे की मी उद्याही येणार, ऑफिसपासून चालत जाता येईल अशा सगळ्याच ठिकाणी हेच चालू आहे. रोजचं गिऱ्हाईक आहे म्हणून त्याला गृहीत धरायचं, याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

आणि प्रश्न आमच्यासारख्या ऑफिसवाल्यांचाच नाही. धंतोलीत पावलोपावली दवाखाने आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा, बालाघाट, कुठून कुठून लोक पेशंट घेऊन येतात आणि पेशंटजवळचा माणूस दोन घास खायला याच थाळीवाल्यांकडे येतो. परवा माझ्या समोरच्या खुर्चीवर असेच एक काका होते. बायको ॲडमिट, वर तिच्याजवळ कोणी नाही, डॉक्टर दोनच्या आधी राउंडला येणार. ते पोऱ्याला हात जोडून म्हणत होते, "बाबू, दे ना लवकर, बाई एकटीच आहे." त्या वेळात सहा-सात पार्सलं दारातून बाहेर गेली. काका एक पोळी आणि ठेचा खाऊन उठले. गल्ल्यावर जाऊन म्हणाले, जेवलो नाही, थोडे पैसे परत द्या. मालक म्हणाला, ताट लागलं होतं, आता परत होत नाही. तिथं मी आवाज चढवला. आजूबाजूचे सगळे खाली मान घालून जेवत राहिले. पैसे काही परत मिळाले नाहीत, काका गेले सुद्धा.

या पार्सलांचं पॅकिंगही पाहा. उकळतं वरण प्लॅस्टिकच्या पातळ पन्नीत भरतात आणि वर रबर लावतात. असल्या पन्न्यांवर राज्यात मार्च 2018 मध्ये बंदी आली, आणि इथं गल्ल्याखाली गठ्ठेच्या गठ्ठे पडले आहेत. म्हणजे ज्याच्यासाठी आम्हाला थांबवून ठेवता, त्यालाही तुम्ही धड खाऊ घालत नाही.

डिलिव्हरीवाल्या पोरांवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्या नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता, तिथं ती पोरं भर दुपारी पायरीवर उभी राहतात आणि मालक त्यांना आत पंख्याखाली येऊ देत नाही. पाणी मागितलं तर बाहेरच्या कॅनकडे बोट दाखवतो. त्यांचाही वेळ खातो आणि आमचाही.

मालकांनो, ऑनलाइन ऑर्डर घेणं थोडा वेळ बंद ठेवायची सोय तुमच्या त्या ॲपमध्येच आहे. दुपारी एक ते अडीच ती वापरा. धंदा सोडायचा नसेल तर पार्सलसाठी वेगळा तवा लावा, पोळ्या लाटायला आणखी एक बाई ठेवा, आमच्याच पैशावर दुसरा मजला चढवलात तर एवढं नक्की परवडेल. बसलेल्याच्या ताटातली पोळी संपायच्या आत दुसरी आली पाहिजे, आणि ज्याला जेवण वेळेत मिळालं नाही त्याचे पैसे वाद न घालता परत झाले पाहिजेत. हे जमत नसेल तर टोकन फाडायच्या आधी तोंडावर सांगा की दुपारी इथं फक्त पार्सल मिळतं. आम्ही डबा आणू, नाहीतर चौकात उभं राहून तर्री-पोहे खाऊ.