ओटीपी आत्याकडे आहे

मिक्सरचं भांडं काल परत गेलं. माझ्या दारातून, माझ्या डोळ्यांदेखत, पैसे आगाऊ भरलेले असताना. खोक्यावर माझं नाव, हातात आधार कार्ड; पण डिलिव्हरीवाला पोरगा म्हणाला, "सर, आधार नको. ओटीपी सांगा."

कंपनीची तयारी तशी चोख. ओटीपी आधी व्हॉट्सॲपवर, तिथे पोचला नाही तर एसएमएस, तोही अडकला तर मशीनचा फोन. आमच्या तळमजल्यावर रेंज येते ती पाहुण्यासारखी, त्यामुळे पहिले दोन वाटेतच राहिले आणि तिसरा थेट बार्शीला गेला. गणपतीत भाच्याने माझ्या फोनवर 'रेंज नसेल तर कॉल आत्याकडे' अशी सोय करून ठेवलीय. फॉरवर्ड कॉल होतात, एसएमएस नाही. म्हणजे एसएमएस अधांतरी आणि ओटीपी आत्याच्या कानात.

पोराच्याच फोनवरून तिला गाठलं.

"आत्या, आत्ता कुणाचा फोन आला होता का?"

"आला होता की. एक बाई होत्या. बोलणं स्वच्छ, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची पद्धत नाही. जेवलात का विचारलं, तर परत तेच आकडे."

"तेच आकडे सांग!"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

"हा नंबर तुझा नाही. आणि आकडे कुणालाही सांगू नका, असं बाईंनीच बजावलंय."

"ते माझेच आहेत!"

"असं सगळेच म्हणतात. बरं सांग, तुझ्या मुंजीत भटजींना काय चावलं होतं?"

पोरगा घड्याळ बघायला लागला. मी जिन्यात उभा राहून ओरडलो, "गांधीलमाशी!"

"कुठं?"

वरच्या मजल्यावरच्या वहिनी कठड्यावरून वाकल्या होत्या. सांगावं लागलं.

"हं. लिहून घे. नऊ, चार…"

तोवर ओटीपीची मुदत संपली होती.

आत्यावर चिडायची सोय नाही. या अख्ख्या साखळीत नियम पाळणारी ती एकटीच. एसएमएस रात्री उगवला, तोही इंग्रजीत. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, तीही काना-मात्रा-वेलांटी सुटी मोजून. म्हणजे मराठीत लिहिलं की कंपनीला दोन-तीन एसएमएसचे पैसे. वाचवा बापडे! पण मग वाचवलेली जागा 'डिअर व्हॅल्यूड कस्टमर'वर कशाला उधळता? ओटीपी शेवटच्या ओळीत, अंग चोरून उभा.

भामटे लोकांचे कॉल असेच स्वतःकडे वळवून ओटीपी लाटायचे, म्हणून सरकारने 15 एप्रिल 2024 पासून स्टार-हॅशवाली कॉल फॉरवर्डिंगची वाट बंद करायला लावली. भाच्याने ॲपमधून केलं. आता ते काढायला मी ॲपमध्ये शिरलो, तर ॲप म्हणतं, ओटीपी टाका.

आज कंपनीने अभिप्रायासाठी फोन केला. तोही बार्शीला. आत्याने पाचपैकी पाच दिले.

"बाई शिस्तीच्या आहेत," म्हणाली.