‘३७ वरून १५’ हा आकडा नेमका कोणाचा?

गेले काही महिने एक मजकूर या ना त्या रूपात फिरतो आहे. “वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनने कॅन्सरही आटोक्यात! अमेरिकेत सिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. १६ लाख रुग्णांच्या अभ्यासात दहा प्रकारचे कॅन्सर कमी. घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.” खाली ओझेम्पिक, वेगोवी, मौंजारो अशी नावे.

यातले आकडे खोटे नाहीत, म्हणून तर मजकूर पटकन पटतो. गोंधळ आहे तो आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षांत.

“मृत्यू ३७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले”

असे कोणाच्याही बाबतीत घडलेले नाही. हे दोन वेगळे गट आहेत. सॅन दिएगोच्या संशोधकांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांतल्या ६,८७१ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्या रुग्णांत जीएलपी-१ गटातले औषध (वर नावे आलेली इंजेक्शने याच प्रकारची) घेणारे होते फक्त १०३. त्यांतले १६ जण पाच वर्षांत गेले, म्हणजे १५.५ टक्के. न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३७.१ टक्के. सगळा गाजावाजा या १६ मृत्यूंवर उभा आहे. आणखी पाच जण दगावले असते तर १५ चे २० टक्के झाले असते.

बरे, हे १०३ जण कोण? त्यांना हे औषध चिठ्ठ्या टाकून मिळालेले नव्हते. महागडे औषध कोणाला लिहून दिले जाते? ज्याचा विमा धड आहे, जो नियमित तपासणीला येतो आणि ज्याची तब्येत इतकी सावरलेली आहे की डॉक्टर त्याच्या साखरेचा आणि वजनाचा विचार करू शकतात, त्याला. शेवटच्या टप्प्यातल्या, खंगत चाललेल्या रुग्णाला वजन कमी करण्याचे इंजेक्शन कोण देईल? वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) आणि आजाराची तीव्रता हिशोबात धरूनही फरक उरला, असे संशोधक सांगतात, आणि ते मान्य. पण नोंदींत जे लिहिलेलेच नसते, ते हिशोबात धरणार कसे?

त्याहून मोठी गोम काळाची आहे. ज्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले ते इतरांपेक्षा जास्त जगले, हे कोणत्याही गावात खरे निघेल. त्यावरून त्या सोहळ्याने आयुष्य वाढते असे आपण म्हणत नाही, कारण ऐंशी ओलांडल्याशिवाय तो होतच नाही. कॅन्सरचे निदान झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी ज्याला इंजेक्शन सुरू झाले, तो तोवर जगलेला असतोच. आधीच गेलेले मात्र आपोआप ‘न घेणाऱ्यां’त मोजले जातात. अशा नोंदी वाचताना पहिली शंका हीच घ्यावी लागते.

हे नुसते तर्कट नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या जुन्या, स्वस्त गोळीबद्दल दहा-पंधरा वर्षांपूर्वी अगदी हाच उत्साह होता. नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांमागून अभ्यास येत होते: कॅन्सर कमी, मृत्यू कमी. २०१२ मध्ये कॅनडाच्या सुइसा आणि अझुले यांनी दाखवून दिले की यातल्या अनेक अभ्यासांत काळाच्या मोजणीचीच चूक आहे. पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या, मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. गट सोडतीने पाडले. एकाला मेटफॉर्मिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी, पाच वर्षे. निकाल २०२२ मध्ये आला: काही फरक नाही.

आणखी एक. मेलेला प्रत्येक कॅन्सर-रुग्ण कॅन्सरनेच मेला असे नसते. १७,६०४ जणांवरच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत सेमाग्लुटाइडने (ओझेम्पिक आणि वेगोवीतले औषध) हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. मृत्यू खरोखरच कमी झाले असतील, तर त्यातला काही वाटा हृदयाचा असू शकतो. रुग्णाच्या दृष्टीने तेही चांगलेच, पण त्याने ट्यूमर आटत नाही.

“१६ लाख रुग्णांत दहा कॅन्सर कमी”

कमी, पण कोणाच्या तुलनेत? इन्शुलिन घेणाऱ्यांच्या. २०२४ च्या त्याच अभ्यासात मेटफॉर्मिनशी तुलना केली तेव्हा हा फायदा दिसला नाही, उलट मूत्रपिंडाच्या कॅन्सरचे प्रमाण जास्त आढळले. मजकूर पुढे ढकलणाऱ्याने पहिला परिच्छेद वाचला, दुसरा सोडला.

“लठ्ठपणाने कॅन्सर होतो, मग वजन उतरले की कॅन्सर गेला”

पूर्वार्ध खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेले १३ कॅन्सर सांगितले. पण होऊ न देणे आणि झालेला बरा करणे ही दोन वेगळी कामे. आणि ‘होऊ न देणे’ही अजून सिद्ध व्हायचे आहे: ४८ रीतसर चाचण्या, ९० हजारांहून जास्त लोक एकत्र पाहिले, तर लठ्ठपणाशी निगडित कॅन्सरवर या औषधांचा परिणाम जवळपास शून्य. चाचण्या थोड्या वर्षांच्या होत्या आणि कॅन्सर वाढायला बराच काळ लागतो, त्यामुळे दार बंद झालेले नाही. इंजेक्शनने थायरॉइडचा कॅन्सर होतोच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या दुसऱ्या टोकालाही हेच लागू. मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार) स्वतःला किंवा घराण्यात असेल तर औषध टाळायचे, हा इशारा मात्र खराच आहे.

“आजच विचारा”

हे वाक्य सगळ्यात धोक्याचे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आले, वेगोवी जूनमध्ये, आणि सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. म्हणजे किमतीचा अडसर कायमचा नाही. आपल्याकडे पोटाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण आधीच भूक मेलेले, हाडे दिसू लागलेले असतात. केमोत मळमळ, उलट्या, जुलाब. इंजेक्शनचे दुष्परिणामही तेच. शिवाय उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि केमो झेपायला तर स्नायूच लागतात.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सोडतीने गट पाडून सिद्ध झालेली गोष्ट हवीच असेल, तर ती आहे. ‘चॅलेंज’ चाचणी, जून २०२५, ८८९ रुग्ण. ऑपरेशन आणि केमो संपल्यावर तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी ९०.३ टक्के आठ वर्षांनी हयात होते. फक्त माहितीपत्रक मिळालेल्यांत ८३.२ टक्के. यावर फॉरवर्ड कोणी काढला नाही.

मधुमेहासाठी इंजेक्शन आधीपासून चालू असेल तर या वादापायी ते स्वतःहून बंद करू नये. कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी. ऑपरेशन ठरले असेल तर भूलतज्ज्ञांनाही आवर्जून सांगावे, कारण या औषधाने जठर सावकाश रिकामे होते आणि उपाशीपोटी आलेल्या माणसाच्या पोटातही अन्न शिल्लक असू शकते.