शंभरात २९ मार्क म्हणे! बेसबॉलच्या त्या फॉरवर्डचा हिशोब

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, सांगलीहून, बाबांनी टाकलेला. मी एरवी असल्या गोष्टींना उत्तर देत नाही, हळदीने सगळं बरं होतं वगैरे वाचून गप्प बसतो, पण ह्या वेळी बाबांनी तो नुसता टाकला नाही तर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवाला वाचून दाखवला, आणि नातू म्हणजे माझा दहा वर्षांचा मुलगा, जो लिटल लीग, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल, खेळतो. त्यामुळे आता बसलोय लिहायला.

मेसेज थोडक्यात असा: मराठी माणूस विवेक रणदिवे यांच्या मालकीची अमेरिकन बेसबॉल टीम ॲथलेटिक्स २०२५ मध्ये १६२ पैकी ८६ मॅच हरली. तरी तिच्याच दोन नवख्या पोरांना पहिलं आणि दुसरं बक्षीस! पहिल्याला शंभरात २९ मार्क, दुसऱ्याला ३१. आपल्याकडे ३५ ला पास. तिकडे टीम मुद्दाम हरतात कारण शेवटी येणाऱ्याला सगळ्यात भारी खेळाडू मिळतो. पोरांचे होम रनसुद्धा (आपल्या सिक्सरसारखे फटके) मैदान छोटं म्हणून. हरण्याचं कौतुक करणाऱ्या समाजाचं काय होणार, मुलांना जरूर दाखवा. आणि खाली तिरंगा, तीन नमस्कार.

आधी ते मार्कांचं घेतो कारण डोकं तिथेच फिरलंय.

ज्या पोराबद्दल बोलतायत तो निक कर्ट्झ. ॲव्हरेज .२९०. म्हणजे हजार वेळा मोजणीची बॅटिंग केली तर २९० वेळा हिट, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर. कुठल्यातरी महाभागाने त्याचे शंभरात २९ केले आणि त्यावर पास-नापासचा शिक्का मारला. अहो, हे परीक्षेचे मार्क नाहीत. समोरचा पिचर, म्हणजे बॉलर, साडेअठरा मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने गोल बॉल टाकतो, तुमच्या हातात गोल दांडका, बॉल तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही, त्यातही तो सरळ येणार की शेवटच्या क्षणी खाली पडणार हे तुम्हाला माहीत नाही. क्रिकेटसारखं पॅड पुढे करून दिवसभर तटवत बसता येत नाही. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले बॉल) झाले की घरी. आणि बॉल मारला तरी समोर फिल्डिंगला नऊ जण उभे.

मग चांगलं ॲव्हरेज म्हणजे किती? सगळ्यात वरची ती मेजर लीग, तिचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. २०२५ मध्ये अख्ख्या नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझन खेळून .३०० पार करणारा माणूस एकच होता, ट्रे टर्नर. अमेरिकन लीगमध्ये पहिला आलेला ॲरन जज .३३१. ह्या मेसेजच्या हिशोबाने वर्गातला पहिला नंबरसुद्धा ३३ मार्कांनी नापास. ह्या दोन लीगांत सीझनला .४०० मारणारा शेवटचा माणूस टेड विल्यम्स, साल १९४१. त्यानंतर इतकी वर्षं कोणाला जमलेलं नाही. बेब रूथचं नाव तरी ऐकलं असेल, त्याचं आयुष्यभराचं ॲव्हरेज .३४२, तोही काठावर नापासच.

आणि हाच न्याय आपल्या लोकांना लावायचा का? ब्रॅडमनने ८० टेस्ट इनिंगमध्ये २९ शतकं मारली. पुन्हा तोच २९ चा आकडा बघा! म्हणजे ५१ वेळा शतक हुकलं, नापास. सचिनची टेस्टमध्ये ५१ शतकं, ३२९ इनिंग. करा टक्केवारी, पंधरा-साडेपंधरा येते. जाऊन सांगा शिवाजी पार्कात की सचिनला शंभरात पंधरा मार्क, मी लांबून बघतो काय होतं ते.

शिवाय कर्ट्झचा .२९० हा अर्धाच हिशोब आहे. पिचरने चार बॉल बाहेर टाकले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो, ते ह्या ॲव्हरेजमध्ये धरतच नाहीत. ते धरलं तर आकडा .३८३, म्हणजे हजारात ३८३ वेळा तो बेसवर पोचला. म्हणजे मेसेजवाल्याच्याच ३५ च्या रेषेने पोरगा पास! पण तेवढं शोधायला पंधरा सेकंद लागले असते ना.

आणि हे फक्त हसण्यावारी सोडायचं नाही म्हणून सांगतो. माझ्या मुलाची एक वही आहे, साधी रेघांची. त्यात तो स्वतःची प्रत्येक बॅटिंग पेन्सिलीने लिहितो, हिट असेल तर छोटी रेघ, स्ट्राइकआउट असेल तर के. फॉल सीझनला ५० वेळा बॅटिंग, १२ हिट. शेवटच्या पानावर त्याने अभिमानाने .२४० असं लिहून भोवती चौकट काढली होती. रविवारच्या कॉलनंतर मी बघितलं तर चौकटीतला आकडा खोडलेला आणि शेजारी २४/१००, खाली मोठा एफ. बाबा, हे तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे, तुम्हाला वाटलं गंमत आहे. पण बॅट तीन दिवस गराजमध्येच पडून होती.

असो. बाकीचे मुद्दे पटापट.

रणदिवे. ह्यात एक चमचा खरं आहे हे नाइलाजाने मान्य करतो. विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आडनाव आपलं, आणि सॅक्रामेंटो किंग्ज ह्या बास्केटबॉल टीमचे २०१३ पासूनचे मुख्य मालक. त्यांच्याच ग्रुपने २०२२ मध्ये इथली, सॅक्रामेंटोची, छोट्या लीगची रिव्हर कॅट्स टीम घेतली, आणि ती ज्या मैदानावर खेळते तिथेच सध्या ॲथलेटिक्स खेळतायत. ॲथलेटिक्सचे मालक मात्र जॉन फिशर, गॅप कपड्यांची दुकानं काढणाऱ्यांचे चिरंजीव. म्हणजे मेसेजवाल्याने घरमालकाला भाडेकरू केलं. त्यात भाडंही घेत नाहीत असं छापून आलंय, पुण्यातल्या घरमालकांनी हे वाचू नये. तर मराठी माणसाचा अभिमान बाळगायचा असेल तर खुशाल बाळगा, पण ८६ पराभव त्यांच्या नावावर टाकू नका.

मुद्दाम हरतात. हे मात्र नीट ऐका कारण इथे शिकले-सवरलेले लोकही फसतात. पूर्वी खरंच असं होतं की ज्याचा रेकॉर्ड सगळ्यात वाईट त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर. २०२३ च्या ड्राफ्टपासून वरच्या सहा नंबरांची लॉटरी निघते. वाईट टीमला चान्स जास्त, खात्री काही नाही. आणि ह्याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण कोण, तर स्वतः ॲथलेटिक्सच. २०२३ मध्ये ही टीम ५०-११२ होती (५० जिंकल्या, ११२ हरल्या), अख्ख्या मेजर लीगमध्ये तळाला. पहिला नंबर कोणाला लागला? क्लीव्हलँड गार्डियन्सना, ज्यांचा त्या वर्षीचा रेकॉर्ड होता ७६-८६ आणि लॉटरीत चान्स होता दोन टक्के. ॲथलेटिक्स घसरले चौथ्यावर. त्या चौथ्या नंबरवर २०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीचा एक फर्स्ट बेसमन घेतला, तो हा कर्ट्झ. म्हणजे तीन टीमनी आधी निवडून त्याला सोडला होता! दुसरा पोरगा जेकब विल्सन, तो २०२३ च्या ड्राफ्टमध्ये सहावा, तिथेही लॉटरीने ह्यांना दुसऱ्याच्या जागेवरून सहाव्यावर ढकललेलं. मुद्दाम हरून फायदा झाला म्हणणाऱ्याने हे एवढं एक समजावून सांगावं. शिकागो व्हाइट सॉक्सचं तर अजून पुढे, २०२४ मध्ये १२१ हरले आणि नियमामुळे त्यांना २०२५ ला दहाव्या नंबरच्या आधी निवडताच आलं नाही.

बरं, २०२५ मध्ये मुद्दाम हरले म्हणावं तर सीझनचा आलेख बघा. मे महिन्यात २२-२० होते, म्हणजे जिंकलेल्या जास्त. मग २१ पैकी २० मॅच हरले. मी स्वतः त्यातल्या दोन बघितल्या, दोन्हीला पिचिंगने माती खाल्ली. २३-४० वर पोचले. तिथून पुढे? ५३ जिंकले, ४६ हरले. मुद्दाम हरणारी टीम सीझनच्या शेवटाकडे जिंकायला लागत नाही, उलट तेव्हाच तर हरायला हवं ना. आणि मुद्दाम हरायचंय तर पिचर लुइस सेवेरिनोला तीन वर्षांचे ६७ मिलियन डॉलर कशाला द्यायचे, त्या टीमच्या इतिहासातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट?

८६ हार म्हणजे लाज. आयपीएलच्या सवयीने बघितलं की असं वाटतं. इथे सहा महिन्यांत १६२ मॅच असतात. २०२५ मध्ये सगळ्यात चांगला रेकॉर्ड मिलवॉकीचा, ते ६५ हरले. वर्ल्ड सिरीज जिंकणारे डॉजर्स ६९ हरले. म्हणजे चॅम्पियन आणि आमच्या टीममध्ये सहा महिन्यांत १७ हारींचा फरक. कमी नाहीये तो, सीझन हरलेलाच होता, मी काही त्यावर गुलाल उधळत नाहीये. पण बक्षीस टीमला मिळालेलंच नाही, रूकी (म्हणजे नवखा खेळाडू) ऑफ द इयर हे एका खेळाडूच्या पहिल्या सीझनला मिळतं, कर्ट्झला सगळ्याच्या सगळ्या ३० पत्रकारांनी पहिलं मत दिलं. हरण्याचं कौतुक कुठे आलं ह्यात?

छोटं मैदान. अर्धसत्य, देऊन टाकतो. वेस्ट सॅक्रामेंटोचं सटर हेल्थ पार्क हे मुळात छोट्या लीगचं मैदान, १४ हजार माणसं बसतील एवढं, उन्हाळ्यात हवा अशी तापलेली की बॉल खरंच लांब जातो. राइट फील्डच्या मागे गवताचा उतार आहे, आम्ही तिथे चादर टाकून बसतो, जवळच सोनेरी टॉवर ब्रिज दिसतो, आणि जुलैच्या दुपारी सनस्क्रीन लावूनही पोराची मान भाजते. पण मैदान बॅटरला मदत करतं तेव्हा ते समोरच्या टीमच्या बॅटरलाही करतं ना? सेवेरिनोचंच बघा, घरच्या मैदानावर त्याने नऊ इनिंगला सहाच्या आसपास रन दिले आणि बाहेरच्या मैदानांवर तीनच्या आसपास. ड्रेसिंग रूम आउटफिल्डच्या पलीकडे, दोन इनिंगच्या मध्ये आत जाऊन थंड हवेत बसायची सोय नाही, हे त्याने उघड बोलून दाखवलं. म्हणजे मैदानाने पोरांना जेवढं दिलं असेल तेवढंच टीमकडून काढूनही घेतलं, ८६ चं एक कारण तेच.

आणि मैदान म्हणता तर २५ जुलै २०२५ चं स्कोअरकार्ड काढा, फुकट बघायला मिळतं. ते सॅक्रामेंटो नव्हतं, ह्यूस्टन होतं, ॲस्ट्रोसचं घर. कर्ट्झ सहा वेळा आला, सहाही वेळा हिट. चार होम रन, एक डबल, एक सिंगल, ॲथलेटिक्स १५-३ ने जिंकले. एका मॅचमध्ये चार होम रन मारणारा मेजर लीगच्या इतिहासातला तो पहिला रूकी. १९ टोटल बेसेस (होम रनचे चार, डबलचे दोन, सिंगलचा एक), शॉन ग्रीनच्या २००२ च्या विक्रमाशी बरोबरी. आमच्याकडे त्या रात्री मुलगा सोफ्यावर उभा होता, तिसऱ्या होम रनपासून बसलाच नाही. एप्रिलच्या शेवटी आलेल्या पोराने ११७ मॅचमध्ये ३६ होम रन मारले, ते सगळे गवताच्या उतारावर नाही पडले.

विल्सनला तर छोट्या मैदानाची गरजच नाही, तो होम रनवाला नाहीच. १३ मारले फक्त. तो बॅट लावतो. अख्ख्या सीझनमध्ये ३९ स्ट्राइकआउट, जिथे कर्ट्झ दीडशेवर गेला. माझं स्पष्ट मत, बघायला विल्सन जास्त मजा देतो, पण हे सांगितलं की घरात भांडण होतं.

मेसेजमध्ये एक ओळ अजून होती, अशी पोरं शेवटी दुसरी टीम पळवणार. ह्याला मात्र मी काय बोलू. टीम ओकलँडमध्ये असताना ऑल्सन, चॅपमन, मर्फी हे चांगले खेळाडू सगळे दुसऱ्या टीमना दिले, २०२५ च्या जुलैत पिचर मेसन मिलर सॅन डिएगोला गेला, बदल्यात मुख्य म्हणून आला अठरा वर्षांचा लिओ डि व्रीस. गावसुद्धा सोडलं, सप्टेंबर २०२४ ला ओकलँडची शेवटची मॅच झाली, आता नावापुढे शहरच लावत नाहीत, २०२८ ला लास व्हेगास. नियमाने खेळाडू सहा सीझन टीमच्या हातात असतो, तोवर कर्ट्झ आणि विल्सन स्वतःहून कुठे जाऊ शकत नाहीत, असं नियम म्हणतो, टीमने दिले तर गोष्ट वेगळी. फिशरसाहेब काय म्हणतात ते मी सांगू शकत नाही.

तर बाबा, हे सगळं इंग्लिशमध्ये कुठे ना कुठे आहेच, तुम्ही वाचणार नाही म्हणून मराठीत टाइप केलंय, ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्या जोशीकाकांनाही पाठवा. शनिवारी मुलाला बॅटिंग केजला नेतोय, रविवारी नेहमीच्या वेळी कॉल करा. मार्क विचारू नका. किती वेळा बेसवर पोचलास ते विचारा, तो वही घेऊनच बसेल.