चहा देतो म्हणता आणि हातात सामान देता

आज पर्वरीला ओळखीच्यांच्या नव्या फ्लॅटात सत्यनारायण होता. नावं घेत नाही, त्यातले अर्धे इथेच आहेत. फ्लॅट सुंदर, बाल्कनीतून मांडवी दिसते, पूजा यथासांग झाली, शिरा तर असा की तुपाने बोटं माखली. मग यजमानीण म्हणाली, "चहा घ्या हां सगळ्यांनी, तिथे कोपऱ्यात ठेवलाय."

कोपऱ्यात चहा नव्हताच हो. कोपऱ्यात गरम पाण्याचा थर्मास, कागदी कप आणि तीन वाडग्यांत तीन तऱ्हेच्या पुड्या. एक साखरेची, एक दूध पावडरची आणि एक ती दोरी लावलेली डिप-डिपची पिशवी.

भटजी सत्तरी तालुक्यातून आलेले, वयानेही सत्तरीतलेच. सकाळपासून उपाशी, पाच अध्याय वाचून घसा बसलेला. त्यांनी तिन्ही पुड्या हातात घेतल्या, साखरेची फाडली, कपात ओतली. दुधाची फाडली, ओतली. मग तिसरी पण फाडली आणि ओतली. बास. मागे उभी असलेली कॉलेजची पोरं फिस्सकन हसली, एकाने तर मोबाईल वर केला. भटजींना कळलं की आपलं काहीतरी चुकलं पण काय ते कळेना, माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, हें कितें करप?" मला इतका राग आला ना की बोलायला शब्द सुचेनात, म्हणून आता घरी येऊन टाईप करतेय.

मला सांगा, तीन पुड्या हातात देता, त्यातल्या दोन फाडायच्या आणि तिसरी फाडायची नाही, हे माणसाने ओळखायचं कसं? पंचांगात लिहिलंय?

आणि हसणाऱ्या शहाण्यांना एक सांगते. ही चहाची पिशवी म्हणे थॉमस सुलिवन नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यामुळे आली, 1908 च्या आसपास. तो गिऱ्हाइकांना चहाचे नमुने रेशमी पिशवीत घालून पाठवायचा. पिशवी फाडायची, पत्ती काढायची, चहा करायचा, असं त्याच्या मनात होतं. लोकांनी पिशवीच गरम पाण्यात बुडवली आणि तीच पद्धत पडली. म्हणजे गोष्ट खरी असेल तर भटजी बरोबर आणि बाकी सगळं जग चूक! (त्याच्या आधी 1903 मध्येच अमेरिकेत दोन बायकांना असल्या पिशवीचं पेटंट मिळालं होतं आणि ती बुडवायलाच होती, हे मला माहितीय. असू दे.)

आणि पत्ती थेट कपात टाकून वर गरम पाणी ओतायचं, पत्ती खाली बसली की वरचा चहा प्यायचा, असं चीनमध्ये आजही लोक पितात. ज्यांनी जगाला चहा दिला ते पितात. तेव्हा कोणी फोन काढत नाही.

आता चहाबद्दल. मला न आवडणाऱ्या चहांची यादी मोठी आहे, घरचे म्हणतात मला आवडणाऱ्याच लिही, लवकर संपेल. मशीनचा चहा पहिला. आमच्या ऑफिसात पणजीला पूर्वी खालच्या हॉटेलातला पोरगा तारेच्या जाळीत ग्लास अडकवून वर आणायचा, कोणाचा बिनसाखर, कोणाचा स्ट्राँग, कोणाला अर्धाच, सगळं त्याच्या डोक्यात. मग मशीन आलं. बटणं चार, चव एकच, आणि वेलचीचा तो खोटा वास दुपारपर्यंत घशातून जात नाही. बर्गमॉट नावाच्या लिंबासारख्या फळाचा वास घातलेला तो अर्ल ग्रे, तो तर तोंडात टाल्कम पावडर गेल्यासारखा लागतो. किनारपट्टीवर पर्यटकांसाठी मडक्यात फसफसवलेला तंदूरी चहा, त्यात चहा सोडून सगळं असतं. आणि कॅमोमाईल, जास्वंद वगैरे, तो काढा आहे, काढा म्हणून द्या, मी मुकाट्याने पिईन.

ग्रीन टीवर मात्र माझा तेवढा राग नाही, तो बिचारा लोकांच्या हातून मरतो. त्याला उकळतं पाणी चालत नाही, सत्तर-ऐंशी अंशांचं लागतं, दोन-तीन मिनिटांत पत्ती बाहेर काढावी लागते. आपल्याकडे खदखदतं पाणी ओततात, पिशवी तळाशी सोडून देतात, अर्ध्या तासाने तोंड वाकडं करत पितात आणि वर तब्येतीवर भाषण देतात.

आसगावच्या कॅफेत भाचीने एकदा माच्चा पाजला, तो जपानी ग्रीन टीच्या पुडीचा. चव? शेवाळ म्हणा. पण तिथल्या मुलीने बांबूच्या त्या कुंच्याने मनापासून घुसळून फेस आणला होता, हातात वाडगा देताना वाट बघत उभी राहिली की मला आवडतो का. मी अख्खा प्यायले. नाही आवडला, पण प्यायले. माझा मुद्दा हाच आहे ओ, चहा वाईट असला तरी चालतो, तो कुणीतरी केलेला असावा. तुम्ही मला चहाला बोलावता आणि किट देता, पाणी तू ओत, पुडी तू फाड, ढवळ तू, चोथा कुठे टाकायचा ते पण तूच बघ. मग मी घरीच बसले असते की.

आमच्या लहानपणी वाळपईला मामीकडे गेलं की कधीकधी दूध नसायचं, म्हैस आटलेली असायची. मामी गूळ आणि आलं घालून कोरा चहा द्यायची, सोबत काकणं, म्हणजे ते बांगडीसारखे गोल पाव. ती कडक काकणं चहात बुडवून मऊ करून खायची, जास्त वेळ ठेवली तर तुकडा तळाला. त्या चहाला ना रंग धड ना दूध, पण ती चुलीपाशी उभी राहून, दोनदा चाखून, "गोड जाला मरे?" विचारून द्यायची. आजच्या भटजींना कोणी विचारलं नाही. अहो, साखर लागते का एवढं पण नाही.

आणि दूध घालून प्यायचा असेल तर उकळावाच लागतो, यात नखरा नाही. आपण जी दाणेदार पावडर वापरतो ती सीटीसी, पान चिरडून, फाडून, गोळी करून बनवतात, 1930 च्या सुमारास आसामात ती पद्धत निघाली. ती दुधाबरोबर उकळायला उत्तम, पटकन रंग सोडते, कडक होते. पिशव्यांत बहुतेक त्याहून बारीक चुरा असतो, त्याला निदान पाणी तरी उकळतं हवं. थर्मासमधलं पाणी तासाभरापूर्वीचं, त्यात दुधाची पावडर, त्यात ती पिशवी, काय होणार? फुळकवणी! ज्या पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला त्यांच्याच राजकन्येने, ब्रागांझाच्या कॅथरिनने, 1662 मध्ये इंग्लंडच्या राजाशी लग्न करून तिथल्या दरबारात चहाची फॅशन आणली, मुंबई आंदण गेली ती याच लग्नात, आणि एवढा इतिहास पाठीशी असताना पर्वरीत आपण कोमट पाणी पितोय.

आता काही जणी म्हणतील (म्हणणारच, मला तुम्ही माहीत आहात) की पन्नास माणसांचा चहा करत बाईने स्वयंपाकघरात का मरायचं. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. माझी आई स्वतःच्या घरच्या एकाही पूजेला आरतीपर्यंत बाहेर आली नाही, पातेल्यापाशीच असायची. आज ती यजमानीण नऊवारीत नवऱ्याशेजारी शेवटपर्यंत निवांत बसली होती, मला ते बघून बरं वाटलं, खरंच. पण मग नवऱ्याचे तीन भाऊ बाल्कनीत उभे राहून प्रॉपर्टीचे भाव सांगत होते, त्यातल्या एकाला उभं करायचं की गॅसपाशी! चहा उकळायला कुठे मंत्र लागतात?

शेवटी मीच आत गेले. स्वयंपाकघर बघून डोळे दिपले, ओटा चकचकीत, चिमणी, आपोआप बंद होणारे ड्रॉवर. आणि चहाचं भांडं नाही. गाळणी नाही. चहा पावडर पण नाही, घरात फक्त त्या पिशव्याच. मग मी काय केलं असेल? फाडल्या. एकेक करून मूठभर पिशव्या फाडल्या, नैवेद्याचं दूध उरलं होतं ते आणि पाणी कढईत घातलं, आलं सापडलं फ्रीजच्या तळाशी सुकलेलं, ते लाटण्याने ठेचलं आणि मस्त खळखळून उकळला. गाळायला यजमानिणीच्या सासूबाईंनी कपाटातून धुवट पंचा काढून दिला. तेवढ्यात भटजी गेले होते. साखळीला दुसरी पूजा होती, उशीर झाला म्हणून स्कूटरवर गेले. मी कप घेऊन लिफ्टपर्यंत गेले, नव्हते. मग मी आणि सासूबाई दोघी ओट्याला टेकून तो प्यायलो, त्या म्हणाल्या या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच उकळलेला चहा पोटात गेला. मला रडू आलं थोडं, उगीच. त्यांनी पंचा धुवून परत वाळत घातला, सुनेला दिसू नये म्हणून आतल्या बाथरूममध्ये.

सून वाईट नाही हो. चांगली मुलगी आहे, सकाळी सातला निघते, रात्री आठला येते, तिला कुठे वेळ. मला तिच्यावर लिहायचंच नव्हतं, त्या हसणाऱ्या पोरांवर लिहायचं होतं.

जेवणावर लगेच चहा प्यायला की लोह अंगी लागत नाही, साखर वाईट, उपाशीपोटी ॲसिडिटी, हे सगळं खरं आहे, मला ठाऊक आहे, कृपया खाली लिहू नका.

तर मुद्द्याचं. डिसेंबरात आमच्याकडे लग्न आहे, फोंड्याला. केटररने आज संध्याकाळीच फोन केला, चहाचं मशीन फुकट लावतो म्हणाला. मी म्हटलं ते तुझ्या घरी लाव, मला पातेलं, मोठा गॅस आणि ढवळायला एक माणूस पाहिजे, त्याचे वेगळे पैसे घे, आणि कपबशा घे, कागदी नको. तो तयार झालाय कुरकुरत. फक्त पाचशे माणसांना आलं किती लागेल ते सांगा कोणीतरी, ज्यांनी केलंय त्यांनीच. तो दोन किलो म्हणतोय, मला कमी वाटतं.