लाकडी कोठारासोबत त्याचा काटाही जपायला हवा

कॅनडातील मॅनिटोबा, सास्काचेवान आणि अल्बर्टा या गव्हाच्या प्रांतांत रेल्वेमार्गालगत उभी असलेली उंच लाकडी धान्यकोठारे, म्हणजेच तिथली ग्रेन एलिवेटर, आता मोजकीच उरली आहेत. १९३३ च्या सुमारास त्यांची संख्या ५,७०० हून अधिक होती. जी वाचली त्यांच्याविषयी बोलताना बहुतेक लोक त्यांची उंची आणि मोकळ्या माळावरची त्यांची ऐट यांचेच कौतुक करतात. मला मात्र ठामपणे वाटते की त्यांचे खरे मोल तळाशी असलेल्या वजनकाट्यात आहे, आणि त्या काट्याभोवतीचा झगडा लोकांना सांगितला जाणार नसेल, तर बाहेरून रंग देऊन कोठार उभे ठेवल्याने अर्धेच काम होते.

शेतकऱ्याची गव्हाने भरलेली घोडागाडी उतरणीच्या फळ्यांवरून आत येत असे, काट्यावर तोलली जात असे, मग जमिनीतल्या जाळीतून गहू खालच्या खड्ड्यात ओतून रिकामी गाडी पुन्हा तोलली जात असे. खड्ड्यातला गहू फिरत्या पट्ट्याला जोडलेल्या लहान लहान डब्यांतून थेट माथ्यापर्यंत चढे, तिथून नळीने हव्या त्या कप्प्यात पडे आणि पुढे आपल्याच वजनाने रेल्वेच्या डब्यात उतरे. (अमेरिकेतील बफेलो येथे १८४२ साली जोसेफ डार्ट यांनी वाफेच्या इंजिनावर चालवलेल्या पहिल्या एलिवेटरचे तत्त्व हेच होते.) साठवलेल्या धान्याचा बाहेरच्या दिशेने येणारा प्रचंड दाब सोसता यावा म्हणून भिंतींसाठी जाड फळ्या आडव्या, एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकलेल्या असत, आणि वर्षानुवर्षे घासत जाणाऱ्या गव्हाने त्या आतून गुळगुळीत होत.

या सगळ्या व्यवहारात वजन सांगणारा, गव्हाची प्रत ठरवणारा आणि तणाचे बी व कचरा यांपोटी किती घट धरायची हे बोलणारा माणूस एकच असे: कोठार-कंपनीचा एजंट. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने किमान २५,००० बुशेल, म्हणजे गव्हाच्या हिशेबात सुमारे ६८० टन, क्षमतेचे यांत्रिक कोठार बांधणाऱ्यांना झुकते माप दिले आणि त्यांच्या स्थानकांवर साध्या गोदामातून किंवा गाडीतून थेट डब्यात माल भरण्याची वाट बंद केली. मग काटा मारल्याची किंवा प्रत मुद्दाम खाली लावल्याची शंका आली, तरी शेतकऱ्याने भरलेली गाडी घेऊन जायचे कुठे?

१९०० च्या मॅनिटोबा ग्रेन ॲक्टने शेतकऱ्याला स्वतः रेल्वेचा डबा भरण्याचा हक्क दिला, पण १९०१ मध्ये भरघोस पीक आले आणि डबे मात्र कोठारवाल्यांनाच मिळत राहिले. त्या हिवाळ्यात इंडियन हेड येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी डब्ल्यू. आर. मदरवेल यांच्या पुढाकाराने संघटना उभारली आणि १९०२ मध्ये डबेवाटपात कायदा मोडल्याबद्दल सिंटालुटा स्थानकाच्या रेल्वे एजंटविरुद्ध खटला भरून तो जिंकला. डबा मागणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे आणि क्रमानेच डबे द्यायचे, एवढीच त्यांची मागणी होती, आणि तिच्यासाठी देशातील सर्वांत बलाढ्य रेल्वेशी भिडण्याचे त्यांचे धैर्य मला आजही थक्क करते. पुढे १९०६ मध्ये त्यांनी धान्यविक्रीसाठी स्वतःची कंपनी काढली, आणि १९२० च्या दशकात तिन्ही प्रांतांत उभ्या राहिलेल्या सहकारी व्हीट पूलच्या मालकीची कोठारे गावोगाव दिसू लागली.

घोड्यांची जागा ट्रकने घेतल्यावर दर काही मैलांवर कोठार असण्याची गरज उरली नाही, रेल्वेचे फाटे बंद पडत गेले, १९९५ मध्ये धान्यवाहतुकीची सवलत संपली आणि काँक्रीटच्या अवाढव्य केंद्रांनी उरलेला व्यवहार ओढून घेतला. सास्काचेवानमधील फ्लेमिंगचे १८९५ सालचे कोठार, म्हणजे या झगड्याच्याही आधीचे, जतनाचे प्रयत्न चालू असतानाच फेब्रुवारी २०१० मध्ये जळून गेले, आणि ही हानी भरून येणारी नाही.

मॅनिटोबातील इंग्लिस येथे, १९२२ मध्ये रेल्वे आल्यावर उभी राहू लागलेली पाच कोठारांची रांग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपली आहे, आणि अल्बर्टातील नँटनच्या गावकऱ्यांनीही आपली कोठारे पाडू दिली नाहीत. अशा प्रत्येक ठिकाणी काटा, घट काढण्याची चाळणी आणि डब्यांच्या नोंदवहीची हकिगत पाहुण्यांसमोर सर्वांत आधी यायला हवी, आणि तिकडे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी बाहेरून फोटो काढून न परतता आत जाऊन त्या काट्याविषयी आवर्जून विचारावे.