तो १०-२०-९० टक्क्यांचा त्रिकोण: खुलासा

"वाचलेलं १०, ऐकलेलं २०, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं" हा फोटो पालकांच्या ग्रुपवर परत फिरतोय, खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं नाव. डेलनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचा शंकू (त्रिकोणासारखी आकृती) काढला होता हे खरंय पण त्यात एकही टक्का नव्हता, आकडे नंतर चिकटवलेत. त्यापायी पोरांचं वाचन कमी करू नका प्लीज! फक्त वाचनासोबत न बघता आठवून लिहिणंही हवं: रोडिगर-कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात अभ्यासाच्या चारही पाळ्या उतारा वाचतच बसलेल्यांना आठवड्याने ४० टक्के आठवला, आणि एक पाळी वाचून पुढच्या तीन न बघता लिहिणाऱ्यांना ६१. मी लेकीला धडा झाला की पुस्तक मिटून वहीच्या मागच्या पानावर आठवेल ते लिहायला लावते, अगदीच अडलं की मगच पुस्तक उघडायचं.